डेस्कटॉप, लॅपटॉप आणि आमची प्रेस

आमच्या प्रेसमध्ये किस्से सांगत बसायला कोणाला वेळ नसतो. घडलं ते तिथंच पडून राहतं, आणि मग एखाद्या दुपारी लाइट गेली की चहाबरोबर सगळं एकदम बाहेर येतं. गेल्या वर्षभरात मात्र इतके साठले की लाइट जायची वाट बघायचीसुद्धा गरज उरली नाही. कारण एकच, आम्ही नवीन कॉम्प्युटर घेतले!

धुळ्याला पाचव्या गल्लीत आमची प्रेस. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, दुःखद निधनाची कार्डं. मालक सुभाषभाऊ. मी ज्योती, चोवीस वर्षं इथं टायपिंग आणि डिझाइन करते. आणि आमच्यातले सगळ्यात जुने म्हणजे नाना. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळापासूनचे. जवळच्या खेड्यातून रोज एसटीने यायचे, डबा खिडकीत ठेवायचे, चष्मा शर्टाला पुसायचे आणि कामाला लागायचे. आम्ही तिघं आणि दोन कॉम्प्युटर. माझा बरा होता, नानांचा म्हणजे पिवळा पडलेला म्हातारा डब्बा. पण दोन्ही चालायचे.

एके दिवशी सकाळी माझ्या स्क्रीनवर पाटी आली. या मशीनला इथून पुढे अपडेट मिळणार नाहीत, आणि नवीन सिस्टिमसाठी हे मशीन पात्र नाही.

सुभाषभाऊंनी ती पाटी दोनदा वाचली. "पात्र नाही? दहा वर्षं घर चालवलं याने माझं! आणि हा कोण सांगणारा?"

सांगणारा रोज सकाळी सांगत राहिला. शेवटी भाऊ थकले.

*

डेस्कटॉप घ्यायचा की लॅपटॉप? भाऊंनी एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला डेस्कटॉप, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. मग जो येईल त्याला विचारायचं आणि लिहायचं.

"डेस्कटॉप मजबूत." लिहिलं. "पण जागा खातो." लिहिलं. "लॅपटॉप लाइट गेली तरी चालतो." लिहिलं. "पण बिघडला की आख्खाच बिघडतो." लिहिलं.

चोपड्याहून एक केळीवाले भाऊ मुलीची पत्रिका करायला आले होते. ते म्हणाले, "लॅपटॉपच घ्या. मी घेतला. कुठंही नेता येतो. मी तर शेतात नेतो!"

"मी प्रेस शेतात नेऊन काय करू?" सुभाषभाऊ म्हणाले. पण लिहिलं.

आठ दिवसांत कागद दोन्ही बाजूंनी भरला. फायदे आणि तोटे बरोबरीत आले, एकही बाजू वर जाईना. मग जळगावच्या डीलरचा माणूस आला, चेतन नावाचा, चाळिशीतला, गळ्यात ओळखपत्र. त्याने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "भाऊ, एक-एक घ्या. दोन्हीचे फायदे मिळतील."

भाऊंना पटलं. एक-एक घेतला.

दोन्हीचे तोटे मिळाले!

*

लॅपटॉप आला त्या दिवशी भाऊ त्याला हातात घेऊन गोल गोल फिरवत होते. उलटा केला. पुन्हा सुलटा केला.

"ज्योती, याला तोंड कुठंय?"

"कसलं तोंड?"

"सीडी टाकायला!"

आमचे सगळे गणपती सीडीवर होते. लग्नपत्रिकेवरचे गणपती, कलश, तुतारी, नवरदेवाची घोडी. पंधरा-वीस वर्षांचा संग्रह. डेस्कटॉप बघितला, त्यालाही तोंड नाही. भाऊंनी चेतनला फोन लावला.

"भाऊ, सीडी आता कोण वापरतं?" तो म्हणाला. "ऑनलाइन हवे तेवढे गणपती मिळतात."

"हवे तेवढे नकोत मला. माझे आहेत ते पाहिजेत!"

शेवटी बाहेरून लावायचा सीडी-ड्राइव्ह मागवला. आणि तेव्हा कळलं की धुळ्याच्या उन्हाळ्यांनी सीड्या कधीच खाऊन टाकल्या होत्या. एकेक लावायची, आतून खरखर आवाज यायचा, आणि काहीच व्हायचं नाही. भाऊ प्रत्येक सीडी बनियनला पुसून पुन्हा द्यायचे. सगळ्यात लाडका गणपती ज्या सीडीवर होता ती चालली. आम्ही तिघं स्क्रीनसमोर उभे. मुकुट आला. कान आले. डोळे आले. आणि तिथून खाली नुसती करडी पट्टी.

 मग भाऊंनी सीडी काढली, पाकिटात घातली आणि पाकिटावर पेनाने लिहिलं, 'अर्धे'.

*

मे महिन्यातली दुपार. लग्नसराई. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आत मी डेस्कटॉपवर पत्रिका करतेय. लाइट गेली. डेस्कटॉप गेला. इन्व्हर्टरची बॅटरी फुगली म्हणून आठवड्यापूर्वीच काढून ठेवली होती.

"याच्यासाठीच घेतलाय लॅपटॉप!" भाऊ एकदम खूश. पहिल्यांदाच त्यांचा पैसा कामी येणार होता.

मी लॅपटॉप उघडला. पहिल्यापासून सगळं पुन्हा टाइप करायला घेतलं. पंखा बंद, कूलर बंद. वीसेक मिनिटं झाली आणि लॅपटॉपच्या आतला बारका पंखा असा ओरडायला लागला की नाना आपल्या जागेवरून उठून आले. हात लावला तर तवा! भाऊंनी काल छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि दोन्ही हातांनी लॅपटॉपला वारा घालायला लागले. मालक वारा घालतोय, मी टाइप करतेय, घाम कीबोर्डवर पडतोय. तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. मशीन फार तापल्यामुळे आपोआप बंद झालं होतं.

भाऊंनी पत्रिका खाली ठेवल्या. "म्हणजे बघ ज्योती. लाइट असली की याची गरज नाही. आणि लाइट गेली की याला पंखा लागतो!"

दुसऱ्या दिवसापासून आमचा एकुलता एक कूलर माणसांकडून काढून लॅपटॉपकडे फिरवला.

*

हा किस्सा माझ्यावरचा आहे. सांगायला नको वाटतं, पण सांगते.

नवीन मशीनवर टाइप करताना पुढचा शब्द तेच सुचवतं. अर्धं लिहा, उरलेलं ते भरतं. घाई असली की बरं वाटतं. जळगावच्या एका निकम कुटुंबाची पत्रिका होती. मी प्रूफचा फोटो मोबाइलवर पाठवला, तिकडून अंगठा आला. म्हणजे पसंत. छापून टाकल्या.

पत्रिका घ्यायला मुलीचे काका आले. वयस्कर, शांत माणूस, पांढरी टोपी. गठ्ठ्यातली वरची पत्रिका उचलली, डोळ्यांजवळ नेली, पूर्ण वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुम्ही आम्हाला आधीपासून ओळखता का?"

"नाही काका."

"आमच्या नात्यातलं कोणी?"

"नाही. का?"

त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं छापलं होतं, 'समस्त निकामी परिवार आपले स्वागत करीत आहे.'

"मग हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

ते स्वतः हसले. भाऊही हसले, काय करणार! पत्रिका पुन्हा छापल्या. मी आतल्या खोलीत जाऊन कागदाच्या रिमवर बसले आणि रडले. चोवीस वर्षांत मी एका माणसाचं नाव चुकवलं नव्हतं. आता मी न लिहिलेला शब्द माझ्या नावावर लागला होता.

*

जामनेरची माझी मैत्रीण. तिची मुलगी कॉम्प्युटर शिकायला कॉलेजला जाणार. तिचा फोन आला, "तू एवढी वर्षं कॉम्प्युटरवर काढलीस. तूच सांग, हिला लॅपटॉप घेऊ की डेस्कटॉप?"

मी मनापासून सांगितलं. अर्धा तास. एकही गोष्ट लपवली नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे हिला दुसऱ्या लाइनला घालू का?"

*

आता हसू येत नाही असा एक.

अमळनेरकडच्या एका गावातून तीन माणसं आली होती. एक मुलगा, म्हणजे तिशीतला, डोक्यावरचे केस काढलेले. त्याचे वडील गेले होते. बरोबर त्याचे काका आणि मेहुणे. दशक्रियेची कार्डं हवी होती, आणि ती घेऊनच त्यांना दुपारच्या गाडीने परत जायचं होतं, कारण कार्डं वाटणारे नातेवाईक गावात थांबले होते.

मी मजकूर लिहून घेतला आणि डेस्कटॉप चालू केला. निळी स्क्रीन. 'अपडेट सुरू आहे. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.' आणि मधे गोल फिरणारे ठिपके. लॅपटॉप त्या दिवशी दुरुस्तीला जळगावला गेलेला.

"थोडा वेळ लागेल," मी म्हटलं.

तिघं बाकावर बसले. तीस टक्के. चाळीस टक्के. मी पाणी दिलं. तो मुलगा स्क्रीनवरून नजर काढेना. मला अवघडल्यासारखं झालं. "दादा, तुम्ही बाहेर चहा घेऊन या. झालं की मी हाक मारते."

"नाही ताई, बसतो," तो म्हणाला. "आयसीयूच्या बाहेर आठ दिवस असंच स्क्रीनकडे बघत बसायचो. तेपण म्हणायचे, थोडा वेळ लागेल."

 ठिपके फिरत होते.

नाना कोपऱ्यात होते. त्यांचा पिवळा डब्बा इंटरनेटला कधी जोडलेलाच नव्हता, त्यामुळे त्याला कोणी अपडेट करायला येत नव्हतं. ते उठले, माझ्या हातातून मजकुराचा कागद घेतला, जागेवर जाऊन बसले. त्यांचं टायपिंग म्हणजे पत्र्यावर पाऊस. मान वर नाही, कीबोर्डकडे नजर नाही. वीस मिनिटांत कार्ड तयार, जुन्या प्रिंटरमधून मूळ प्रत बाहेर. नावं वाचून दाखवली, एका भाचीचं नाव राहिलं होतं ते त्यांनी स्वतः विचारून घातलं. तासाभरात कार्डं छापून मिळाली.

मुलगा जाताना नानांच्या पाया पडला. डेस्कटॉप तेव्हा सत्त्याण्णव टक्क्यांवर होता!

*

पण त्याच जुन्या प्रिंटरने दोन महिन्यांनी मान टाकली. त्याच्या आतला ड्रम आता कुठं मिळत नाही. जळगाव बघितलं, नाशिक बघितलं. नवीन प्रिंटर नानांच्या मशीनला ओळखेना. नाना टाइप करत होते, पण कागदावर काही येत नव्हतं.

मग त्यांना नवीन डेस्कटॉपवर बसवलं. नानांचं सॉफ्टवेअर जुनं. ते चालायला मशीनच्या मागे एक छोटी डब्बी लावावी लागायची, तिला आम्ही लॉक म्हणायचो. नव्या मशीनला ती लावायची जागाच नाही, आणि ते बनवणारे कधीच दुकान बंद करून गेलेले. म्हणजे नवं सॉफ्टवेअर आणि अक्षरांच्या जागाही नव्या. इतकी वर्षं 'क' जिथं होता तिथं आता 'म', नाहीतर आणखी काही.

नानांनी कागदाचे चौकोन कापून प्रत्येक बटणावर चिकटवले. घामाने दुपारपर्यंत निघून जायचे. सकाळी पुन्हा चिकटवायचे. तीन ओळींच्या एका हँडबिलाला सकाळपासून जेवणाची सुट्टी होईपर्यंत वेळ गेला. एकदा मी बघितलं, ते हात मांडीवर घेऊन बोटांकडेच बघत बसले होते.

"मनं बोट आठे जास, अक्षर दुसरंच येस," ते आपल्या अहिराणीत म्हणाले. बोट इथं जातं, अक्षर भलतंच येतं.

भाऊंनी मार्ग काढला. "नाना, तुम्ही टाइप करू नका. नुसतं प्रूफ तपासा." नाना स्क्रीनसमोर बसले. नवीन मशीनला मराठी शब्द म्हणजे चूक वाटते, सगळ्याखाली लाल रेघ. नाना ती रेघ बघत प्रत्येक शब्द पुन्हा पुन्हा वाचायचे. चूक सापडायची नाही. दोन दिवसांनी चष्मा काढून म्हणाले, "भाऊ, उद्यापासून मी येत नाही."

भाऊंनी खूप समजावलं. नाना हट्टाला पेटत नसत, पण त्या दिवशी ऐकेनात. शेवटी भाऊ म्हणाले, "काहीतरी घेऊन जा नाना. काय देऊ?" नानांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

मी आणि भाऊ त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. सीपीयू नानांच्या मांडीवर, मॉनिटर शेजारच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला. कंडक्टर आला, म्हणाला, "आजोबा, याचं तिकीट लागेल."

नाना म्हणाले, "याले बी अर्धं दे. हाऊ बी सीनियर सिटिझन शे!"

आख्खी गाडी हसली. आम्ही दोघं खाली उभे राहून गाडी वळेपर्यंत हात हलवत होतो. 

*

दिवाळीनंतर एक दिवस नाना आले. वाळले होते. धोतर स्वच्छ, शर्टाला इस्त्री. खिशातून रुमाल काढला, रुमालात पेनड्राइव्ह.

"एक कार्ड करेल शे. प्रिंट काढी दे," मला म्हणाले. "घरच्या मशीनवर केलं. वेळ घेऊन केलं."

मला इतका आनंद झाला! मी पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली. नुसते चौकोन. चौकोन, प्रश्नचिन्हं, पुन्हा चौकोन. अख्खं पान.

"लॅपटॉपवर बघ," भाऊ म्हणाले. लॅपटॉपवरही तेच. भाऊंनी जळगावला चेतनला फोन लावला. त्याने विचारलं, कोणतं सॉफ्टवेअर? भाऊंनी नाव सांगितलं. त्याने ते कधी ऐकलं नव्हतं.

"नाना, आहे काय यात?" मी विचारलं. "कोणाचं लग्न आहे?"

"लग्न नाही." नाना बाकावर बसले. "मनं शे. मी गेल्यावरचं."

भाऊंनी फोन खाली ठेवला.

"पोरं सुरतला," नाना अगदी सहज सांगत होते. "त्यांना भाऊबंदांची नावं क्रमाने येत नाहीत. कोणाला आधी घालायचं, कोणाला नंतर, कोण रागावेल. मी सगळी नीट लावली आहेत. तुझ्या काकूचं नावसुद्धा बरोबर जागेवर आहे. आयुष्यभर लोकांची केली, माझं दुसऱ्याने चुकवायला नको. तारीख तेवढी मोकळी ठेवलीय. ती तू टाक."

मी खुर्ची पुढे ओढली. मग म्हटलं, "नाना, फाइल जाऊ द्या. तुम्ही तोंडी सांगा, मी आत्ता टाइप करून घेते."

"हां, हे बरं." नाना माझ्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले, पूर्वी शिकवताना राहायचे तसे. मी नवीन पान उघडलं. बोटं कीबोर्डवर ठेवली.

नाना डोळे मिटून म्हणाले, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे तीर्थरूप..." आणि पुढे स्वतःचं पूर्ण नाव घेतलं.

माझी बोटं हलली नाहीत.

"ज्योती, टाइप कर ना."

मी प्रयत्न केला. खरंच केला. पहिलं अक्षरसुद्धा उमटलं नाही. भाऊ पाठ करून खिडकीजवळ उभे होते.

नानांनी डोळे उघडले. रिकाम्या स्क्रीनकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. पेनड्राइव्ह काढून घेतला, रुमालात गुंडाळला, खिशात ठेवला आणि दाराशी जाऊन चपला पायात घालत म्हणाले,

"मंग आते मरानी बी सोय ऱ्हायनी नही!"